किल्ल्यांची फळी

अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारची भांडी आवरली आणि वहिनी सुईदोरा आणायला निघाली. घरात सुया नव्हत्या असं नाही. शिवणाच्या डब्यात शोधल्या तर मूठभर निघाल्या असत्या. पण या दिवशी सुई नवी आणि काळ्या दोऱ्याचं रीळही नवं, असा तिचा नेम होता. नेमाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नसे.

दुकानदार तिला रस्ता ओलांडताना बघूनच हसायला लागला.

"आलात? मी म्हणतच होतो, अजून कशा दिसल्या नाहीत! वहिनी, यंदा तरी जरा मोठ्या नेढ्याची घ्या हो. गोणी शिवायचा दाभण देऊ का? अख्खं गाव दुवा देईल."

"दाभणातून काय, तुम्ही दोरखंडसुद्धा ओवाल, आणि मग गाडी खांबाला घालाल."

"मी कुठं पितो?"

"मग मागच्या सामन्याला फळीखाली बसून रडत कोण होतं? सुई मला जवळच येऊ देत नाही म्हणून?"

"ते सरबत बाधलं होतं," दुकानदार म्हणाला आणि सुई कागदात गुंडाळून त्यानं तिच्या हातावर ठेवली. "येतो संध्याकाळी. चालतच येतो, म्हणजे तुमची कटकट नको."

"या. चालत आलात तर तुम्हाला चहा जास्त."

तिला सगळे वहिनीच म्हणत, कारण तिचा नवरा सगळ्यांचा मिस्त्री होता. गावाच्या टोकाला, जिथून घाटाचा रस्ता वरच्या वस्तीकडे चढू लागतो, तिथं मिस्त्रीचं गॅरेज आणि त्याच्या पाठीला लागून घर. अंगणात उघडी पडलेली इंजिनं, एकावर एक रचलेले टायर, ग्रीसचा वास, आणि भिंतीवर किल्ल्यांची फळी. दुरुस्तीला आलेल्या गाड्यांच्या किल्ल्या अडकवायला मिस्त्रीनं तिच्यावर खिळ्यांच्या रांगा ठोकल्या होत्या. एरवी वहिनी त्या फळीकडे ढुंकून बघत नसे. पण मोठा सामना असला की फळी तिची.

याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका अंतिम सामन्यानंतर वरच्या वस्तीतून विजयाची मिरवणूक खाली उतरत होती. सगळ्यांत पुढे एक उघडी जीप. ती चालवणाऱ्या पोराला सगळे तुतारी म्हणायचे, कारण सामना असो की नसो, त्याच्या तोंडात प्लास्टिकची तुतारी असायचीच. त्या संध्याकाळी तो प्यायला होता, मागच्या बाकांवर बसलेले त्याचे मित्र प्यायले होते, आणि कुणाच्याही मनात वाईट असं काही नव्हतं. घाटातल्या मोठ्या वळणावर जीप वळलीच नाही. खाली ओढा आहे. मिस्त्रीनं साखळदंड लावून जीप वर ओढली. पोरांना आधीच वर आणून रस्त्याच्या कडेला निजवलं होतं. सगळ्यांचे केस ओले होते, एवढंच तो घरी आल्यावर बोलला आणि जेवायला बसलाच नाही.

वहिनी त्यांच्या घरोघरी जाऊन आली. एका आईनं तिला हळूच सांगितलं, मी रात्री दाराला आतून कडी लावत नाही, पोरगा आला तर ताटकळायला नको. त्या दिवशी परत आल्यावर वहिनीनं देवापुढं दिवा लावला आणि हात जोडले. "देवा, साऱ्या जगाचं मला जमायचं नाही. पण माझ्या अंगणातून असा कुणी जाणार नाही, एवढं माझ्या हातून करून घे."

तेव्हापासून मोठ्या सामन्याला मिस्त्रीच्या अंगणात पडदा लागू लागला. यायचं सगळ्यांनी, बघायचं, नाचायचं, प्यायचं त्यानं प्यायचं. अट एकच. आत येताना गाडीची किल्ली फळीवर अडकवायची, आणि जाताना फळीखाली स्टुलावर बसलेल्या वहिनीसमोर सुईत दोरा ओवायचा. चारचौघांत कुणाच्या तोंडाचा वास घेणं बरं दिसत नाही. सुईदोऱ्यात कुणाचा अपमान नव्हता. ओवला, तर किल्ली घ्या. नाही ओवला, तर मागच्या खोलीत सतरंज्या अंथरलेल्या आहेत. घरीच जायचं असेल तर टेंपोवाला सोडून येईल. तो चहाशिवाय कशाला शिवत नाही. सुरुवातीला लोक कुरकुरले, मग हसले, मग सवय झाली. सुईचा निकाल तो निकाल. वहिनीसुद्धा समोरच्याच्या तोंडाकडे बघेनाशी झाली होती. तोंडाकडे पाहिलं की भीड पडते. म्हणून ती फक्त सुईकडे बघायची.

त्या दिवशी सामना दुपार कलताना सुरू झाला. अंगण भरलं. फळीवर एकही खिळा मोकळा राहिला नाही. उरलेल्या किल्ल्या वहिनीनं परातीत घेतल्या. गालांवर संघाचे रंग फासून पोरंटोरं पुढं बसली होती, म्हातारी माणसं खुर्च्यांवर, आणि गॅरेजच्या सावलीत बाटल्या गार पाण्याच्या पिंपात उभ्या होत्या. शेवटच्या काही मिनिटांत आपल्या संघानं गोल केला तेव्हा पडद्यावर काय चाललंय हे कुणाला दिसेना, कारण सगळेच उभे राहिले होते. मिस्त्रीनं पान्यानं रिकामं पिंप बडवलं. कुणीतरी टेंपोवाल्याला उचललं आणि खाली ठेवायला विसरलं.

सूर्य डोंगराआड गेला आणि फळीपुढं रांग लागली. वहिनीच्या डोक्यावर एकच दिवा होता. ती स्टुलावर ताठ बसली होती.

"वहिनी, सुई हलतेय."

"सुई नाही, तू हलतोयस. जा, सतरंजीवर जा. उशी डाव्या हाताला आहे."

"वहिनी, मी थेंबसुद्धा घेतलेला नाही, पण मला चष्म्यातून हे भोक दिसतच नाही," शाळेतले मास्तर काकुळतीला आले होते.

"मग मास्तर, आठवड्याचे वार उलटे म्हणा."

मास्तरांनी घडाघडा म्हटले आणि वर महिनेही उलटे म्हणून दाखवले. रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग भाऊजी आले. वहिनीचे धाकटे दीर. त्यांची उघडी जीप गेटाच्या बाहेरच उभी होती, झेंडे लावून सजवलेली. भाऊजी माणूस दिलदार. हसायचे तर शेजारच्या घरापर्यंत ऐकू जायचं. त्यांनी लेकीला सकाळपासून कबूल केलं होतं, की आपण जिंकलो तर वर जायचं आणि मिरवणुकीत सगळ्यांत पुढं तुला बसवायचं. पोरीला घरीदारी सगळे चिमणी म्हणत. चिमणी केव्हाची जाऊन जीपमध्ये बसली होती.

भाऊजींनी सुई घेतली. दोरा तोंडात ओला केला. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला.

"भाऊजी, दोन्ही मिटल्यावर कसं दिसायचं?"

"वहिनी, घरच्या माणसाला तरी सूट द्या की! पोर वाट बघतेय. हे एवढं वळणापर्यंत तर जायचं."

"वळणापर्यंतच तर नको," वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा, पण रांगेतलं हसणं थांबलं. "घरच्या माणसाला सूट दिली तर बाहेरच्यांना मी कोणत्या तोंडानं अडवू?"

भाऊजींनी आणखी एकदा ओवून पाहिलं. दोरा सुईला सोडून भलतीकडेच निघाला. त्यांची बायको मागून आली. तिला वहिनी धाकटी म्हणायची. तिनं त्यांच्या दंडाला धरलं.

"चला हो. झोपा जरा. चिमणीला मी समजावते."

"तिला मी शब्द दिलाय..." भाऊजी पुटपुटत राहिले, आणि तसेच पुटपुटत मागच्या खोलीत गेले. वहिनीनं जीपची किल्ली फळीवर, अगदी आपल्या खांद्यामागच्या खिळ्याला अडकवली. झालं ते चांगलं झालं असं तिला वाटलं आणि पोरीचं वाईटही वाटलं.

हळूहळू अंगण रिकामं झालं. वर, वस्तीत, मिरवणूक निघाल्याचे ढोल आणि भोंगे ऐकू येऊ लागले, तसे उरलेले लोक चालतच गेटाबाहेर, गावाच्या चौकाकडे गेले. मिस्त्री गॅरेजमागे पडदा गुंडाळत होता. टेंपोवाला एका खेपेवरून परत आला होता आणि टेंपोतच चहा पीत बसला होता. अंधार अजून पुरता पडला नव्हता. ती वेळ अशी असते की झाडं आधी काळी होतात आणि आभाळ मागाहून.

वहिनी परातीतल्या किल्ल्या सारख्या करत होती. अचानक ढोल थांबले. म्हणजे थांबले नसतील. पण ऐकू येईनासे झाले, कानात पाणी गेल्यावर होतं तसं. ग्रीसच्या आणि बाटल्यांच्या वासात एक वेगळाच वास मिसळला. कुजलेल्या पाल्याचा, शेवाळ्याचा, ओढ्याकाठच्या गार मातीचा.

"वहिनी... किल्ली."

समोर भाऊजी उभे होते. तिला त्यांचे हात दिसले, बाहीची कड दिसली. बाहीतून पाणी ठिबकत होतं. नळाखाली डोकं धरून आलेत, तिच्या मनात आलं. बरं केलं.

"इतक्यात?" ती म्हणाली. "थोडं पडायचं होतं."

हात पुढं झाला. तिनं सुई दिली, दोरा दिला, आणि सवयीप्रमाणं सुईवर नजर ठेवली.

त्या हातानं दोरा ओला केला नाही. सुई दिव्याकडे धरली नाही. हात कमरेपाशीच होता, सावलीत, आणि दोरा एका दमात, कुठं न अडखळता, नेढ्यातून पार झाला. डोळ्यांपुढं सुई न धरता कुणी ओवताना वहिनीनं जन्मात पाहिलं नव्हतं. सुई परत घेताना बोटांना बोटं लागली. लोखंडी नळाची तोटी पहाटे लागावी तशी ती गार होती.

तरी तिनं वर पाहिलं नाही. सुईचा निकाल तो निकाल. तिनं मागं हात करून खिळ्यावरची किल्ली काढली.

"पोर बसलीय ना गाडीत?" हळू आवाजात प्रश्न आला.

"केव्हाची बसलीय. सावकाश न्या हो."

"सावकाशच... आज सावकाशच नेणार."

पावलं वाजली नाहीत. जीप सुरू झाली तेही एकाच चावीला. एरवी ती भाऊजींना घाम फोडल्याशिवाय सुरू होत नसे. वहिनीनं ओवलेली सुई कापडात टोचली. दोऱ्याचं टोक ओलं होतं आणि त्याला हिरवट शेवाळ्याचा एक तंतू चिकटला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"ताई!" घरातून धाकटीची हाक आली. "ताई, जरा या हो! मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले, तर हे दाराला पाठ लावूनच आडवे झालेत. दार ढकललं तर ढकलत नाही. आतून घोरणं तेवढं ऐकू येतंय. आता मी आत जाऊ कशी?"

वहिनी उठली. परात हातातून सुटली आणि किल्ल्या फरशीवर विखुरल्या. मागच्या खोलीला दार एकच, हे तिला ठाऊक होतं. तरी ती धावत आत गेली, तिनं दाराला कान लावला. भाऊजींचं घोरणं तिला गर्दीतूनही ओळखता आलं असतं.

"धाकटे," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "चिमणी कुठाय?"

"जीपमध्ये. मी आत्ता तिच्यासाठीच..." धाकटी बोलता बोलता थांबली. तिनं वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग गेटाकडे. गेटाबाहेर जीप नव्हती.

घाटाच्या चढावर दोन लाल दिवे सावकाश, फार सावकाश वर चालले होते.

मिस्त्रीनं बायकोचा चेहरा पाहिला आणि बंद पडलेल्या गाड्या ओढायचा आपला ट्रक काढला. वहिनी पुढं बसली. धाकटी टेंपोत. वाटेत वहिनी एकच गोष्ट मनात म्हणत होती. देवा, माझ्या हातानं दिली मी किल्ली. मला काय शिक्षा करायची ती कर. पोरीला हात लावू नकोस. तिचे डोळे कोरडे होते. हात जोडलेले होते आणि ते सुटत नव्हते.

मोठ्या वळणाच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला गाड्या थांबवायची थोडी रुंद जागा आहे. जीप तिथं उभी होती. नीट, कडेला, चाकांना दगड लावून. पुढचे मागचे पिवळे दिवे उघडझाप करत होते. पुढच्या सीटवर चिमणी बसली होती. पट्टा लावलेला.

धाकटी टेंपो थांबायच्या आधीच उतरली. तिनं पोरीला उराशी घेतलं तेव्हा पोरगी म्हणाली, "आई, गुदमरतंय."

आणि तेवढ्यात वळणापलीकडून भोंगे आले. मिरवणूक. सगळ्यांत पुढं एक मोकळा ट्रक, मागं माणसं खच्चून भरलेली, झेंडे, गाणी, आणि त्या उतारावर नको तेवढा वेग. मिस्त्री रस्त्यात धावला, हातातली बॅटरी फिरवू लागला. पण बॅटरीच्या उजेडाला अजून वळण आडवं होतं. ट्रकवाल्याला तो दिसणं शक्यच नव्हतं. वहिनीनं डोळे मिटले.

टायर किंचाळले. जळक्या रबराचा वास आला. माणसं एकमेकांवर पडल्याचा आवाज, शिव्या, मग कुणाचंतरी हसणं, आणि तेही विरून गेलं. तिनं डोळे उघडले तेव्हा ट्रक वळणाच्या तोंडाशी उभा होता. पुढचं एक चाक कठड्याला टेकलं होतं. मागच्या मोटारसायकली एकामागून एक थांबत होत्या.

ट्रकवाला खाली उतरला. त्याला उभं राहवत नव्हतं, दारूनंही आणि भीतीनंही. त्यानं ट्रकपुढं वाकून पाहिलं, चाकांखाली पाहिलं.

"कुठं गेली?" तो विचारत होता. "कुठं गेली ती पोरं?"

"कोण पोरं?" मिस्त्रीनं विचारलं.

"अहो, इथं आडवी उभी होती! हातात हात घालून, या कडेपासून त्या कडेपर्यंत! भिजलेली होती सगळी... मी त्यांना वाचवायला तर ब्रेक मारला. नाहीतर मी आज..." त्यानं दरीकडे पाहिलं आणि तो रस्त्यातच बसला.

रस्ता कोरडा होता. मिस्त्री वाकला, त्यानं बॅटरी जमिनीलगत धरली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका ओळीत, पावलांएवढे ओले डाग होते. बघता बघता ते सुकत चालले होते. त्यानं बॅटरी बंद केली आणि कुणाला काही दाखवलं नाही. वहिनीनं मात्र पाहिलं होतं.

ती ट्रकवाल्याजवळ गेली आणि त्याच्यापुढं हात पसरला. सुई नव्हती, दोरा नव्हता. ट्रकवाल्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली. त्याच्या मागचा पुढं आला, त्यानंही ठेवली. मग बाकीचे मोटारसायकलवाले. कुणी ओशाळून हसत, कुणी मान खाली घालून. तिच्या ओंजळीत मावेनात, तशी धाकटीनं ओढणी पसरली. सगळे चालत खाली उतरले. झेंडे खांद्यावर, गाणी हळू आवाजात. टेंपोवाल्यानं दमलेल्यांना आणि म्हाताऱ्यांना बसवून घेतलं, आणि त्या दिवशी त्या रस्त्यावरून गेलेला प्रत्येक जण धडधाकट घरी पोचला.

चिमणीला वहिनीनं कडेवर घेतलं होतं. पोरगी मुळीच भ्यालेली नव्हती.

"काकी, तो काका छान चालवतो. बाबांपेक्षा हळू."

"कोण काका गं?"

"आधी बाबांसारखा दिसत होता. नंतर नव्हता."

वहिनीनं तिला जरा घट्ट धरलं. "तू नेहमी मागं बसतेस ना, उभी राहायला मिळतं म्हणून? मग आज पुढं कशी बसलीस?"

"मागं जागाच नव्हती," चिमणी म्हणाली आणि जांभई देऊन तिनं वहिनीच्या खांद्यावर मान टाकली.

ओढायचा ट्रक टेंपोवाल्यानं मागाहून आणला. भाऊजींची जीप मिस्त्रीनंच खाली आणली. त्यात तो एकटा होता. बाकीच्यांना त्यानं चालत पाठवलं. जीप अंगणात उभी करून तो उतरला तेव्हा त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. भाऊजी जागे झाले होते, लेकीला मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते आणि मुलासारखे रडत होते. धाकटी त्यांच्या केसांतून हात फिरवत होती. मिस्त्रीनं वहिनीला खुणेनं बाजूला बोलावलं.

"अगं, ब्रेक लागत नव्हते सुरुवातीला," तो हळूच म्हणाला. "म्हणजे लागत होते. पण मागून रेटा येत होता. भरलेल्या गाडीला उतारावर येतो ना, तसा."

"काही भरलंय का मागं?"

"हेच बघ."

त्यानं बॅटरी जीपच्या मागच्या चाकांवर टाकली. मागची दोन्ही बाकं, समोरासमोरची, रिकामी होती. त्यांच्यावर झेंड्याच्या काठीशिवाय काही नव्हतं. पण चाकांवरचे पोलादी पाटे, जे ओझं पडलं की दबतात आणि उतरलं की उसळून वर येतात, ते पार सपाट बसले होते.

"रिकाम्या गाडीचे पाटे असे बसत नाहीत," मिस्त्री म्हणाला. त्यानं आयुष्यभर पाटे बदलले होते. "तुटलेले नाहीत. मी हात लावून पाहिला. ओझं आहे."

दोघं उभी राहिली. अंगणात दिवा होता, घरात माणसांचे आवाज होते, चहाचा वास येत होता. तरी जीपच्या भोवती ओढ्याचा गारवा होता आणि त्यात कुणीतरी श्वास रोखून बसल्याची शांतता होती. मिस्त्रीनं बायकोचा हात धरला.

"आत चल."

"थांबा हो जरा."

वहिनीनं हात सोडवून घेतला. ती जीपच्या मागच्या एका कोपऱ्याशी गेली. घरी आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवायचं तिच्या रक्तातच नव्हतं. तिनं मागचा फाळका खाली सोडला, पाहुण्यांसाठी सोडावा तसा.

"पोरांनो," ती म्हणाली. "तुमची घरं मी पाहिलीयत. तुमच्या आया मला ठाऊक आहेत." "आता अंधारात नको. उजाडू दे. मग हे चालवतील, मी मागं तुमच्याजवळ बसेन... एकेकाला दारापर्यंत सोडू. चालेल ना?"

वारा नव्हता. झेंड्याचं कापड हललं नाही.

मग जीप हलकेच करकरली. मिस्त्रीनं बॅटरी वर उचलली. तिच्या उजेडात दोघांनी पाहिलं. गाडीची एक बाजू, वहिनी उभी होती ती, पाट्यांवरून सावकाश वर आली, आणि पलीकडची बाजू तेवढीच खाली दबली. अलीकडच्या बाकावर कुणीतरी तिला बसायला जागा करून दिली होती.